क्रोशाची सुई, ओटीचे ब्लाउजपीस आणि एक बटवा

मराठवाड्यातल्या कुठल्याही घरातलं कपाट उघडा, खालच्या कप्प्यात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसची चळत सापडतेच. लग्न, बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकू, कुठूनही परत आलं की एखादा पीस सोबत येतो. त्यातले बरेचसे कुठल्याच साडीवर जात नाहीत आणि पुढच्या ओटीतून दुसऱ्या घरी जातात. परभणीला आमच्या घरी असे पीस भरपूर साठले होते, आणि क्रोशा शिकायची हौस मला शाळेपासूनची होती. या दोन्हींचा मेळ बसला आणि केसांची कापडी रबरं, बटवे, कानातले, ओढणीच्या कडा अशी लहान लहान कामं माझ्या हातून व्हायला लागली. नव्यानं सुरुवात करणाऱ्या बाईला किंवा मुलीला उपयोगी पडेल असं त्यात बरंच काही कळलं, ते इथं लिहितेय.

माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात कापडापासून करावी, सुईपासून नाही. क्रोशात हात बसायला वेळ लागतो. तोवर घरात एखादी तरी पूर्ण झालेली, वापरातली वस्तू दिसली पाहिजे, नाहीतर सुई आणि दोरा डब्यात जातात ते परत बाहेर येत नाहीत. म्हणून पहिली वस्तू केसांचं कापडी रबर, ज्याला मुली स्क्रंची म्हणतात. चार इंच रुंद आणि बावीस इंच लांब अशी पट्टी कापायची. ऐंशी सेंटिमीटरच्या पीसमधून अशा सात पट्ट्या आरामात निघतात. सुलट बाजू आत घेऊन पट्टी लांबीला दुमडायची आणि अर्धा इंच आत शिलाई मारून नळी करायची. एका टोकाला सेफ्टी पिन टोचून ती नळीच्या आतून सरकवत न्यायची, की नळी सुलटी होते. मग पाव इंच रुंदीचं, सात इंच लांबीचं इलॅस्टिक त्याच पिनेनं ओवायचं. केस दाट असतील तर आठ इंच, लहान मुलीसाठी सहा. इलॅस्टिकची टोकं एकावर एक ठेवून पक्की शिवायची. गाठ मारली तर ती हाताला लागत राहते. शेवटी कापडाचं एक टोक आत दुमडून दुसरं त्यात सारायचं आणि हातानं टाके घालायचे. मशीन नसलं तरी काही अडत नाही, बारीक उलटटीप घातली की शिलाई वर्षानुवर्षं टिकते.

कापड कोणतं घ्यायचं, याला मात्र महत्त्व आहे. टू बाय टूचा पीस मऊ असतो, चुण्या छान पडतात. खण थोडा ताठ असतो, त्याचं रबर फुगीर आणि दिसायला देखणं होतं, पण कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून शिलाईसाठी जरा जास्त कापड सोडावं. चकचकीत सिंथेटिक पीस केसांवरून घसरतो. तो बटव्याच्या अस्तराला ठेवावा. गडद लाल, हिरवा, निळा असा रंग असेल तर आधी कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघावा. रंग उतरत असेल तर त्याला पांढऱ्या दोऱ्याची कड लावायची नाही, कारण पहिल्या धुण्यातच कड डागाळते.

क्रोशाचं सामान आणायला मी गांधी पार्ककडं गेले तेव्हा दुकानात दोऱ्यांचे गठ्ठे रंगांप्रमाणे मांडलेले होते आणि बहुतेक सगळी लोकर ॲक्रिलिकची होती. आपल्याकडच्या हवेत ॲक्रिलिकवर शिकणं अवघड जातं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, बोटांना घाम येतो, आणि घामेजल्या बोटांवरून ॲक्रिलिकचा दोरा अडखळत चालतो. सुती दोरा घाम टिपतो आणि सरळ पुढं जातो. त्यावर टाकाही स्वच्छ दिसतो, त्यामुळं मोजता येतो. दोरा सुती आहे की नाही याची शंका आली तर घरी आणून एक तुकडा चिमट्यात धरून पेटवून बघावा. सुती दोऱ्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा, कडक मणी होतो. सुई पहिल्यांदा साडेतीन किंवा चार मिलिमीटरची घ्यावी आणि तिला साजेसा मध्यम जाडीचा, फिकट रंगाचा सुती दोरा. काळ्या दोऱ्यावर नव्या माणसानं शिकूच नये, टाक्याचं तोंड दिसत नाही. बारीक लेसची एक-सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई दिसायला मोहक असते, पण ती पुढच्या टप्प्याची.

मला क्रोशा शिकवला तो आमच्या मागच्या गल्लीतल्या खालांनी. त्या नमाजाच्या जाळीदार टोप्या विणतात. रमजान जवळ आला की त्यांच्या ओसरीवर पांढऱ्या दोऱ्याची रिळं आणि अर्ध्या झालेल्या टोप्या पसरलेल्या असतात, आणि बोलता बोलता, सुनेला हाक मारता मारता, नातवावर डोळा ठेवता ठेवता त्यांचा हात चालू असतो. मी शिकायला बसले तेव्हा त्यांनी सुई माझ्या हातात दिलीच नाही. "पहिले दोरा धरायला शिक बेटी. सुई तर कुणी बी धरतं."

त्यांच्या डाव्या हाताकडं मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. दोरा करंगळीभोवती एक वेढा घेऊन येत होता, मधल्या दोन बोटांखालून जात होता आणि तर्जनीवरून वर निघत होता. तर्जनी ताठ नव्हती. ती किंचित वाकलेली होती आणि प्रत्येक टाक्याला अगदी जरा वर-खाली होत होती. अंगठा आणि मधलं बोट झालेलं विणकाम सुईच्या अगदी खाली धरून होतं आणि दर दोन-तीन टाक्यांनी पुढं सरकत होतं. दोरा करंगळीच्या वेढ्यात थोडा अडायचा आणि मग सुटायचा. खाला म्हणाल्या, रहाटावरून दोर कसा येतो, तसा तो यायला पाहिजे, ना लोंबणारा, ना ताणलेला. मग त्यांनी मला दोरा तसाच बोटांवर घ्यायला लावला आणि उजव्या हातानं नुसता ओढायला सांगितला. सुई नाही, टाका नाही, फक्त दोरा बोटांतून जाऊ द्यायचा. कंटाळवाणं वाटेल असं हे काम आहे, पण क्रोशाचं सगळं मर्म तिथंच आहे. शिकणाऱ्या सगळ्यांची नजर सुईच्या टोकावर असते, कारण हालचाल तिथं दिसते. टाका सारखा पडतो की लहानमोठा, हे मात्र डाव्या हातानं ठरतं.

त्यानंतर साखळी. सुईवर सरकगाठ, दोरा सुईवर घ्यायचा, गाठीतून ओढून काढायचा, की एक साखळी झाली. विणायची, उसवायची, पुन्हा विणायची. उसवायला क्रोशाइतकं सोपं दुसरं काही नाही, कारण सुईवर एकच फासा असतो आणि दोरा ओढला की सगळं सरळ सुटत येतं. म्हणून नव्या माणसानं बिनधास्त विणावं. साखळी आवळली जात असेल तर कारण बहुधा एकच असतं: फासा सुईच्या निमुळत्या मानेवर तयार होतोय. तो मागं, सुईच्या पूर्ण जाडीच्या भागावर आणून मग पुढचा टाका घ्यायचा. सुईचं जे माप लिहिलेलं असतं ते त्या जाड भागाचं. तरीही पहिली साखळी घट्टच येत असेल तर तेवढ्यापुरती अर्धा मिलिमीटर मोठी सुई वापरावी आणि पुढच्या ओळीला परत आपल्या सुईवर यावं.

मोजताना सुरुवातीची गाठ मोजायची नाही आणि सुईवर असलेला फासाही मोजायचा नाही. चौकोन विणताना कडा तिरक्या जातात त्याचं मूळ मोजणीत असतं. ओळीच्या शेवटचा टाका जरा लपलेला असतो आणि तो सुटतो, मग प्रत्येक ओळीत एक टाका कमी होत जातो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवायची. परत येताना त्या पिनेच्या टाक्यात सुई घालूनच ओळ संपवायची. खांबाची, म्हणजे उंच टाक्याची, ओळ असेल तर वळताना तीन साखळ्या घालतात आणि त्या पहिल्या खांबाच्या जागी धरल्या जातात. बुटक्या टाक्याच्या, म्हणजे सिंगल क्रोशेच्या ओळीला वळताना एकच साखळी पुरते आणि ती मोजणीत धरत नाहीत.

मोबाईलवर बघून शिकणाऱ्या मुलींना इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते. अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या नमुन्यांत टाक्यांची नावं वेगळी असतात. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकेतलं डबल क्रोशे म्हणजे इंग्लंडचं ट्रेबल, आपला नेहमीचा खांब. नमुना कुठल्या पद्धतीचा आहे हे बघितल्याशिवाय सुरुवात केली तर वस्तूचं मापच बदलतं. सिंगल क्रोशे असा शब्द नमुन्यात दिसला की तो अमेरिकन, कारण इंग्लंडच्या पद्धतीत तो शब्द वापरत नाहीत.

खालांकडून मी गोल विणायला शिकले आणि मला त्यातलं गणित फार आवडलं. सिंगल क्रोशेचा सपाट गोल हवा असेल तर पहिल्या फेरीत सहा टाके, दुसरीत बारा, तिसरीत अठरा, चौथीत चोवीस. दर फेरीला सहा वाढवायचे. खांबाचा गोल असेल तर बारापासून सुरू करून दर फेरीला बारा वाढवायचे, कारण खांब उंच असतो आणि फेरीचा घेर लवकर मोठा होतो. वाढवायचे टाके कमी पडले की गोल वाटीसारखा वर उचलतो, जास्त झाले की झालरीगत लहरतो. खाला टोपीचा माथा असाच वाढवत नेतात आणि डोक्याचं माप आलं की वाढवणं थांबवतात. मग बाजू आपोआप खाली उतरते. हे एकदा डोक्यात बसलं की टोपी, गोल बटवा, मोबाईलची पिशवी, कपाखालचं आसन, सगळं एकाच हिशेबातून निघतं. कागदावरचा नमुना न बघता त्या कुठल्याही डोक्याची टोपी कशा विणतात, ते मला तेव्हा कळलं.

आता दुसरी बाजू, म्हणजे कापड आणि क्रोशा एकत्र. ते मी आत्याबाईंकडून घेतलं. आत्याबाई माझ्या मिस्टरांच्या आत्या, जिंतूर तालुक्यातल्या. क्रोशाची सुई त्यांनी कधी धरली नाही, पण गोधड्या आयुष्यभर शिवल्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून कडेपासून आत धावदोरा घालत येतात, आणि ओळीतलं अंतर डोळ्यांनी राखतात, पट्टी लागत नाही. कापडाला क्रोशाची कड लावायची तर कापडात सुई थेट खुपसून चालत नाही. जाड सुईनं कापडाला भोक पडतं आणि कड ओढली जाते. आधी कापडाची कड बारीक दुमडून शिवायची, तिच्यावर सगळीकडून काजटाका घालायचा, आणि त्या काजटाक्याच्या वरच्या दोऱ्यात क्रोशाची सुई घालून विणायचं. म्हणजे पाया काजटाक्याचा. तो एकसारखा असला तरच वरची लेस एकसारखी येते.

मी रुमालावर काजटाका घालत होते तेव्हा आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. "कामून इतके दूर दूर घालायलीस? नखाएवढं अंतर सोड. नखानं मोज." मी अंगठ्याचं नख ठेवून बघितलं तर ते जास्तच वाटलं, त्यांनी स्वतःचं करंगळीचं नख दाखवलं. ते माप अगदी बरोबर आहे. साधारण पाव इंच अंतर, प्रत्येक काजटाक्यात दोन सिंगल क्रोशे, कोपऱ्यावर चार. कोपऱ्यावर जास्त टाके घातले नाहीत तर रुमाल कोपऱ्याला मुडपतो. पुढच्या फेरीला तीन साखळ्या, एक टाका सोडून पुढच्यात सिंगल क्रोशे, असं करत गेलं की छोट्या कमानींची कड तयार होते. रुमालासाठी आणि ओढणीसाठी एवढी कड पुरेशी आहे. त्याहून जड लेस लावली तर कापड खाली ओढतं आणि लोंबतं.

आत्याबाईंना मी एकदा आयर्लंडची गोष्ट सांगितली. तिथं १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून काही वर्षं मोठा दुष्काळ होता, तेव्हा कितीतरी बायकांनी क्रोशाच्या लेस विणून घर चालवलं, आणि ती लेस पुढं जगभर नावाजली गेली. आत्याबाईंनी १९७२चा दुष्काळ लहानपणी बघितलाय. त्या म्हणाल्या, "आमाला तर खडी फोडायला लावलं बाय. आईसंगं जायचो. असलं काही कुणी शिकवलं असतं तर सावलीत बसून केलं असतं की." मग त्यांनी माझ्या हातातून रुमाल घेतला आणि उरलेली बाजू स्वतः काजटाक्यानं पुरी केली. गोधडी शिवणाऱ्या बाईला क्रोशाची कड शिकायला फार काही नवं लागत नाही. अंतर राखणं, दोऱ्याचा ताण, कोपरा फिरवणं हे सगळं त्या हातांत आधीपासून असतं. आपल्या गावागावांत असे हात आहेत, आणि अशा बायका "आम्हाला काही येत नाही" म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

बटवा ही या दोन्ही कामांची मिळून झालेली वस्तू. बाहेरच्या कापडाचे आठ बाय दहा इंचांचे दोन तुकडे आणि अस्तराचे तेवढेच दोन. एक बाहेरचा आणि एक अस्तराचा तुकडा सुलट बाजूंनी समोरासमोर ठेवून वरची कड जोडायची. दुसरी जोडीही तशीच. मग दोन्ही जोड्या उलगडून एकमेकींवर ठेवायच्या, बाहेरच्यावर बाहेरचं, अस्तरावर अस्तर, आणि चारी बाजूंनी शिवायचं. यात दोन ठिकाणी जागा सोडायची असते. अस्तराच्या तळाशी तीन इंच, सगळं सुलट करायला. आणि बाहेरच्या कापडाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या जोडापासून एक इंच खाली अर्धा इंच, नाडी ओवायला. सुलट केल्यावर अस्तराची फट बंद करून अस्तर आत ढकलायचं आणि अर्ध्या इंचाच्या त्या जागेच्या वर आणि खाली दोन समांतर शिलाया मारायच्या. तो झाला नेफा.

नाडी बाजारातून आणू नये, क्रोशाचीच करावी. बटव्याच्या पूर्ण घेरापेक्षा सहा-सात इंच जास्त लांब साखळी घालायची आणि तिच्यावरून टोकापर्यंत परत यायचं: प्रत्येक साखळीत सुई घालून दोरा थेट दोन्ही फाशांतून ओढून काढायचा. नुसती साखळी ताणली जाते, ही दोरी ताणली जात नाही आणि गोल, भरीव दिसते. अशा दोन दोऱ्या करायच्या. एक डाव्या बाजूनं आत घालून पूर्ण घेर फिरवून डावीकडंच बाहेर काढायची, दुसरी उजवीकडून तशीच. दोन्ही बाजूंना ओढलं की तोंड नीट आवळतं. टोकांना गोंडे. संभाजीनगरहून एका मैत्रिणीनं हिमरूच्या, म्हणजे तिथल्या रेशीम-सुती नक्षीदार कापडाच्या, शालीतून उरलेला तुकडा आणून दिला होता, त्याचा बटवा फार सुरेख झाला, पण ते कापड कापलं की लगेच सुटत जातं. त्याच्या कडेला आधी पिको करून घ्यावा आणि मगच पुढं जावं.

कानातल्यांबद्दल थोडक्यात. बारीक सुती दोरा, दीड मिलिमीटरची सुई, सहा साखळ्यांचं वळं, त्यात पाकळ्या. फूल मऊ पडतं आणि कानात लोंबतं, म्हणून त्याला खळ द्यावी लागते. साबुदाणा पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून ते पाणी गाळून घ्यायचं, फूल त्यात बुडवायचं, थर्माकोलवर टाचण्यांनी पाकळ्या ताणून लावायच्या आणि सावलीत वाळवायचं. टाचण्या गंजलेल्या नसाव्यात, डाग पडतो आणि निघत नाही.

बचत गटाच्या प्रदर्शनात या वस्तू ठेवल्या तेव्हा किमतीचा प्रश्न आला. "एवढ्याशा दोऱ्याचे एवढे पैसे?" असं विचारणारे भेटतातच. मी त्यांना बसवून दोन ओळी विणून दाखवते आणि एका कडेला किती वेळ जातो ते सांगते. दोऱ्याचा खर्च, कापडाचा खर्च आणि बसलेल्या वेळाची मजुरी असा हिशेब करूनच किंमत लावावी. शेजारच्या टेबलावर स्वस्त मिळतं म्हणून आपली मजुरी शून्य धरू नये. गटातल्या बायका कापड आणि दोरा मोजतात, वेळ मोजत नाहीत, आणि मग वर्षभरात काम सोडून देतात.

सध्या माझ्याकडं गल्लीतली एक सातवीतली मुलगी येते. ती डावखुरी आहे. आधी कुठंतरी शिकायला गेली होती, तिथं तिला सुई उजव्या हातातच धर म्हणून सांगितलं आणि तिनं शिकणं सोडलं. मी तिला खालांकडं नेलं. खालांनी तिला शेजारी न बसवता समोर बसवलं. समोर बसलं की उजव्या हातानं विणणाऱ्याचा हात तिला आरशात दिसावा तसा दिसतो आणि ती जशीच्या तशी नक्कल करू शकते. तिची ओळ आपल्या उलट दिशेनं जाते, टाके तेच राहतात. फोटोतला नमुना तिच्यासाठी मोबाईलवर आडवा पलटून घेतला की काम भागतं. तिच्याकडूनही पहिल्यांदा सुई काढून घेतली गेली आणि दोरा बोटांवर दिला गेला, फक्त या वेळी उजव्या करंगळीभोवती.